काळ्यात बुडणारा वांगी: पैठणीच्या डिझाइन सॉफ्टवेअरमधलं रंगचक्र

येवल्यात पैठणीचं डिझाइन आजही बऱ्याच घरांत आधी आलेखाच्या कागदावर उतरतं. चौकटी रंगवत मोर, मुनिया, आसावलीची वेल भरायची, आणि मग मागावर बसलेला विणकर त्या चौकटी मोजत बुट्टी उचलतो. नाशिकला कॉलेज रोडवर बसणाऱ्या एका लहानशा टीमने या कागदाच्या जोडीला सॉफ्टवेअर करायला घेतलं. पदराचा आलेख पडद्यावर काढायचा, रंग बदलून बघायचे, पसंत पडलं की छापून मागापाशी न्यायचं. सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा आणि खिडक्या-बटणं बनवायचा क्यूटी हा संच वापरून केलेलं काम, चालणार विंडोजच्या जुन्या लॅपटॉपवर. माझ्याकडे कोड तपासायचं काम होतं. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघायला मिळाल्या. कोड लिहिणारी मुलं इकडची, आणि विंचूर-निफाडमार्गे एसटीने येवल्याहून येणाऱ्या डिझायनर ताई तिकडच्या.

हे प्रकरण त्या सॉफ्टवेअरमधल्या एकाच विजेटचं, म्हणजे पडद्यावरच्या एका सुट्या भागाचं आहे. रंगचक्राचं. कामाच्या यादीत ते ‘सोपं’ या रकान्यात होतं.

तयार काहीतरी का नाही वापरलं, हा प्रश्न रास्त आहे. क्यूटीसोबत स्वतःचा रंगांचा डायलॉग येतो. त्यात आडवा ह्यू (रंग लाल, पिवळा की निळा ते) आणि उभं सॅच्युरेशन (रंग किती शुद्ध, किती फिका ते) असा एक चौकोन असतो, शेजारी उजेडाची पट्टी. पण तो उघडला की आलेखाचा अर्धा भाग झाकला जायचा, आणि ताईंना रंग एकमेकांच्या समोरासमोर बघायचे होते. अंग लाल असेल तर काठाला काय शोभेल, हे चौकोनात दिसत नाही, चक्रात दिसतं. म्हणून आलेखाच्या बाजूला कायम उघडं राहणारं चक्र ठरलं.

चक्राचा घाट

बाजारात तीन घाट आहेत. पहिला भरीव तबकडीचा: कोन म्हणजे ह्यू, केंद्रापासूनचं अंतर म्हणजे सॅच्युरेशन, आणि व्हॅल्यूसाठी, म्हणजे उजेडासाठी, वेगळी पट्टी. दुसरा, बाहेर ह्यूचं कडं आणि आत सॅच्युरेशन-व्हॅल्यूचा चौकोन. तिसरा, कड्याच्या आत त्रिकोण, ज्याच्या एका टोकाला शुद्ध रंग, दुसऱ्याला पांढरा, तिसऱ्याला काळा. तिन्हींमागचा हिशेब एकच, एचएसव्ही, म्हणजे ह्यू-सॅच्युरेशन-व्हॅल्यू. तो अल्वी रे स्मिथ यांनी १९७८मध्ये मांडला आणि आजही बहुतेक चित्रण-सॉफ्टवेअरच्या पोटात तोच आहे.

तबकडी दिसायला देखणी, म्हणून टीमचा ओढा तिकडे होता. ती बाद झाली ती साध्या आकडेमोडीने. त्रिज्या १०० पिक्सेल धरली तर २५ टक्क्यांपेक्षा कमी सॅच्युरेशनचे सगळे रंग मधल्या २५ पिक्सेलच्या वर्तुळात, म्हणजे तबकडीच्या एक-सोळांश जागेत कोंबले जातात. केंद्रापासून १० पिक्सेलवर परीघ जेमतेम ६३ पिक्सेल भरतो. तिथे माउस एक पिक्सेल सरकला की ह्यू जवळपास ६ अंश पळतो. मोतिया, अबोली, फिका गुलाबी हे रंग निवडणाऱ्या माणसाला असं चक्र काय कामाचं? तेच ह्यूचं कडं ११० पिक्सेल त्रिज्येचं केलं की परीघ ६९१ पिक्सेल होतो आणि पिक्सेलमागे साधारण अर्धा अंश मिळतो.

कडं नक्की झालं, राहिला आतला आकार. चौकोनाची खालची अख्खी कड काळीच असते, तिच्यावर डावीकडून उजवीकडे कितीही सरका, रंग बदलत नाही. त्रिकोणात काळ्याला एकच टोक मिळतं, आणि ते बरोबर आहे, कारण गडद रंगांत फरक दाखवायला जागाही कमीच लागते. जिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये हा त्रिकोण कड्यासोबत फिरतो. ताईंनी तो बघितला आणि लगेच नाकारला. ‘काळं कधी वर, कधी खाली? हाताला सवय कशी लागणार?’ म्हणून त्रिकोण जागच्या जागी ठेवला: काळा खाली, पांढरा वर डावीकडे, रंग वर उजवीकडे. माझ्या मते फिरता त्रिकोण ही नुसती शोभा आहे. हात जागा पाठ करतो, आणि पाठ केलेली जागा विजेटने हलवू नये.

त्रिकोणाचं गणित छोटं आहे. आतल्या प्रत्येक बिंदूला तीन वजनं मिळतात: शुद्ध रंगाचं अ, पांढऱ्याचं ब, काळ्याचं क, तिघांची बेरीज १. मग व्हॅल्यू म्हणजे अ अधिक ब, आणि सॅच्युरेशन म्हणजे अ भागिले (अ अधिक ब). खाचखळगा कडेला आहे. माउस दाबून ओढताना हात त्रिकोणाबाहेर जातोच. अशा वेळी एखादं वजन उणे होतं. ते शून्य करून बाकीची दोन पुन्हा १ला जुळवली, तर खूण भलतीकडे घसरते. कडेवरचा सर्वांत जवळचा बिंदू काढावा लागतो, मग ती कडेला चिकटून हाताच्या मागे जाते. आणि ओढणं कड्यावर सुरू झालं असेल तर बटण सोडेपर्यंत ते कड्याचंच समजायचं, मध्येच त्रिकोणात शिरला म्हणून त्रिकोणाचा रंग बदलायचा नाही.

रेखाटनाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पूर्ण सॅच्युरेशन-व्हॅल्यूला ह्यूचा प्रवास दर ६० अंशांमध्ये आरजीबीत (लाल, हिरवा, निळा या तीन घटकांत) सरळ रेषेतच जातो, त्यामुळे शंकूसारख्या फिरत्या ग्रेडिएंटला, म्हणजे रंगातून रंगात मिसळत जाणाऱ्या भरणीला, ० पासून ३६०पर्यंत ७ थांबे दिले की कडं तंतोतंत बरोबर येतं, पिक्सेल-पिक्सेल रंगवायची गरज नाही. हे कडं एकदा काढून चित्र म्हणून साठवायचं आणि आकार किंवा पडद्याचं स्केलिंग बदललं तरच पुन्हा काढायचं. १०० पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळात बसणारा त्रिकोण सुमारे १३ हजार पिक्सेलचा. ह्यू बदलला की तो नव्याने भरला तरी जुना लॅपटॉप दमत नाही. मुलांना त्यासाठी ग्राफिक्स कार्ड वापरायचं होतं. मी नको म्हटलं. शाळेच्या आलेखात वाय वर वाढतो आणि पडद्यावर खाली, एवढं ध्यानात ठेवून कोन काढताना उण्याचं चिन्ह लावलं, उणे कोनांत ३६० मिळवले, की हा भाग संपला.

वांगी कुठे गेला

पहिली आवृत्ती ताईंच्या हातात दिली. त्या काळ्या चंद्रकलेसाठी काठाचे रंग बघत होत्या. वांगी निवडला, किती गडद चालेल ते बघायला खूण थेट काळ्या टोकापर्यंत ओढली, परत वर आणली.

‘सर, वांगी काळ्यात नेला की मरतो. परत आणला तर लाल होऊन येतो.’

कोड लिहिणाऱ्या मुलाने समजावलं, ‘ताई, काळ्याला ह्यू नसतोच.’

‘नसू दे. पण मी वांग्यावर होते ना? ते त्याला माहीत नको?’

या प्रकरणातली सगळी तांत्रिक चर्चा एका बाजूला आणि हा प्रश्न एका बाजूला. मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. काळा, पांढरा आणि सगळे राखाडी यांना ह्यू नसतो, क्यूटी तर अशा रंगाचा ह्यू विचारला की सरळ उणे १ सांगतं. कोडमध्ये त्या उणे १चं शून्य केलेलं होतं, आणि शून्य अंश म्हणजे लाल. पण खरी गडबड एक पायरी आधीची होती. चक्र स्वतःजवळ काहीच ठेवत नव्हतं. खूण हलली की आरजीबी काढायचं, ते आलेखाच्या फाइलला द्यायचं. फाइल ‘रंग बदलला’ असा सांगावा सगळ्यांना धाडायची, त्यात चक्रही आलंच. मग चक्र त्या आरजीबीवरून ह्यू, सॅच्युरेशन, व्हॅल्यू पुन्हा काढायचं आणि खूण तिथे नेऊन ठेवायचं. म्हणजे वापरणाऱ्याने जिथे बोट ठेवलं ते विसरून, फाइल सांगेल तिथे.

ही फेरी नुसत्या काळ्यावरच अडत नाही. गडद रंगांत तिचं खरं रूप दिसतं. आरजीबीत प्रत्येक घटक ० ते २५५ असा पूर्णांक असतो. एकूण रंग १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. ऐकायला भरपूर, पण ते सारखे वाटलेले नाहीत. गडद वांगी घ्या: लाल १२, हिरवा ८, निळा १२. हा ३०० अंशांवर आहे. निळा एकाने कमी करून ११ केला की ह्यू थेट ३१५. लाल एकाने कमी केला की २८५. मोठ्या आणि लहान घटकात ४चंच अंतर असल्याने ६० अंशांचा पट्टा चार उड्यांत संपतो, प्रत्येक उडी १५ अंशांची. मधे काहीच नाही. त्यामुळे त्रिकोणात खूण सावकाश खाली ओढली तरी वरच्या कड्यावरची खूण आपोआप थरथरायची. मुलांनी माउसवर संशय घेतला होता, नवा माउसही आणला.

दुरुस्ती कोडच्या दृष्टीने लहान, पण विजेटचा स्वभावच बदलणारी. ह्यू, सॅच्युरेशन, व्हॅल्यू दशांशांसह चक्राने स्वतःजवळ ठेवायची, आणि आरजीबी हे त्यांच्यावरून काढलेलं, बाहेर द्यायचं रूप. बाहेरून रंग आला की आधी बघायचं: माझ्याजवळच्या आकड्यांचं आरजीबी हेच येतं का? येत असेल तर तो माझाच प्रतिध्वनी, खूण हलवायची नाही. वेगळं असेल तरच नवे आकडे घ्यायचे, त्यातही आलेला रंग राखाडी असेल तर जुना ह्यू सांभाळायचा, आणि काळा असेल तर ह्यूसोबत सॅच्युरेशनही. रंगचक्र ही आधी आठवण आहे आणि मग चित्र. या एका वाक्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं.

याला जोडून एक किरकोळ बाब. ओढताना होणारा प्रत्येक सूक्ष्म बदल अनडूच्या यादीत वेगळा जात होता. एक रंग मागे घ्यायला कंट्रोल-झेड दाबत बसावं लागे. बटण दाबल्यापासून सोडेपर्यंतचे बदल एकाच नोंदीत विलीन केले. क्यूटीत त्याची सोय आहेच.

लालासमोर फिरोजी?

पुढची भेट वादाची ठरली. चक्रावर ‘समोरचा रंग दाखवा’ असं बटण होतं. ताईंनी लाल अंग निवडून ते दाबलं आणि फिरोजी आला.

‘लालासमोर हिरवा असतो,’ ताई म्हणाल्या. हिरव्या राघू काठाची लाल पैठणी त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर पसरलीही.

मुलांनी गणित दाखवलं: लाल ० अंश, समोर १८० अंश, आणि १८०वर सायन, म्हणजे तोच फिरोजी. पडद्याच्या प्रकाशापुरतं ते बरोबरच आहे. लाल आणि सायन प्रकाश एकत्र केले की पांढरा मिळतो. पण रंगांना वर्तुळात बसवायची चाल पडद्याहून फार जुनी. न्यूटनच्या १७०४च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये सात रंगांचं वर्तुळ आहे, आणि त्याच शतकात चित्रकारांनी लाल, पिवळा, निळा हे तीन पाये धरून आपलं चक्र मांडलं. चित्रकलेच्या वर्गात आपण सगळे तेच शिकलो: लालासमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा, निळ्यासमोर नारिंगी. रंगाच्या हंडीत हात घालणाऱ्या माणसाचा अनुभव या चक्राशी जुळतो. दोघांपैकी कोणी चुकत नव्हतं. प्रश्न एवढाच की हे विजेट कोणासाठी आहे.

टीमची पहिली सूचना होती की बटणाचं उत्तर बदलावं, कडं तसंच राहू द्यावं. मला ते पटलं नाही. मग लालाची ‘समोरची’ खूण १२० अंशांवर दिसेल, समोर नाहीच. डोळ्यांना दिसतं एक आणि बटण सांगतं दुसरं, अशा विजेटवर कोण विश्वास ठेवील? शेवटी कडंच ताणलं. नव्या कड्यावर लाल ०वर, नारिंगी ६०, पिवळा १२०, हिरवा १८०, निळा २४०, जांभळा ३००. या जागांना एचएसव्हीतले ०, ३०, ६०, १२०, २४०, २८० हे ह्यू जोडले आणि मधल्या जागा सरळ रेषेने भरल्या. कुठेही मागे वळत नसल्याने उलटा हिशेबही बिनतक्रार होतो. रेखाटनात एक फरक पडला: सायन आणि मॅजेंटा या वळणांना थांबा दिला नाही तर हिरव्या-निळ्यामधले रंग मळकट येतात. सायन २१०वर, मॅजेंटा ३१५वर पडतो, म्हणून थांबे ७चे ९ झाले. आधीचं चक्रही सेटिंगमध्ये आहे. ताईंच्या लॅपटॉपवर कोणतं चालू असतं ते सांगायला नको.

पिवळा आणि निळा सारखेच उजळ?

एचएसव्हीचा एक दोष यातून सुटत नाही. पूर्ण पिवळा आणि पूर्ण निळा, दोघांचीही व्हॅल्यू १०० टक्के. पण पडद्याच्या एसआरजीबी मापात दिसणाऱ्या उजेडातला लालाचा वाटा ०.२१२६, हिरव्याचा ०.७१५२ आणि निळ्याचा ०.०७२२. म्हणजे पिवळा ०.९२७८ आणि निळा ०.०७२२, जवळपास तेरा पट फरक. बुट्टी अंगावर उठून दिसेल की विरघळेल हे व्हॅल्यूवरून अजिबात कळत नाही. ओकेलॅब हे ब्यॉर्न ओटोसन यांनी २०२०मध्ये मांडलेलं, रंग डोळ्यांना दिसतात तसे मोजू पाहणारं माप इथे कितीतरी प्रामाणिक आहे, आणि टीमला सगळं चक्रच त्यावर न्यायचं होतं. अडचण अशी की त्या मापात पडद्याला दाखवता येणाऱ्या रंगांची हद्द गोल नसते. काही ह्यूंना ती लांबवर जाते, काहींना जवळच संपते, आणि चक्राची कड दातेरी होते. ती हद्द ताणून सारखी करणारी सूत्रंही ओटोसन यांनीच दिली आहेत, पण तेवढ्यासाठी हे काम लांबवावं असं मला वाटलं नाही. चक्र तसंच ठेवून आलेखावर ‘राखाडीत बघा’ अशी एक कळ दिली. ताई ती रंगांहून जास्त वापरतात.

दोन धाग्यांचा एक रंग

चक्रावर जो रंग कुठेच नाही तो म्हणजे धूपछाव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, आणि पदर हलवला की रंग पालटतो. पालटणं पडद्यावर आणायचा हट्ट सोडला. चक्रावर दोन खुणा ठेवायची सोय केली आणि लांबून दिसणारा मिलाफ तेवढा दाखवला.

या मिलाफातही एक सापळा आहे. लाल २५५ आणि हिरवा २५५ यांची सरळ सरासरी काढली की १२८, १२८, ० असा मळका शेवाळी येतो. आरजीबीचे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात, ते गॅमाने वाकवलेले असतात. आधी वाक काढायचा, मग सरासरी, मग पुन्हा वाक द्यायचा. उत्तर येतं १८८, १८८, ०. ताईंनी दोन्ही चौकटी पाहिल्या आणि दुसरीवर बोट ठेवलं. त्यांना कोणती बरोबर ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

शेडकार्ड

चक्रावर पावणेदोन कोटींच्या आसपास रंग असले तरी येवल्याच्या रंगाऱ्याकडे रेशमाच्या ठरावीकच शेड असतात. म्हणून खूण सोडली की शेजारी सर्वांत जवळची शेड दिसते. हे ‘जवळ’ आरजीबीच्या आकड्यांवरून मोजलं तर डोळ्यांना न पटणारी शेड पुढे येते, तेव्हा इथे मात्र ओकेलॅबच वापरलं. खूण शेडवर आपोआप उडी मारत नाही. ओढता ओढता ती निसटून दुसरीकडे गेली असती तर वांग्याचीच कथा पुन्हा घडली असती.

फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या दोन नोंदी जातात: शेडचा क्रमांक, आणि चक्रावरची जागा दशांशांसह. रंगाऱ्याने कार्ड बदललं तर क्रमांक नव्याने शोधला जातो, जागा तशीच राहते. कार्डचे फोटो कुठल्या उजेडात काढायचे यावर मात्र अजून एकमत नाही. ताई म्हणतात दुपारच्या दारातल्या उजेडात, कारण गिऱ्हाईक साडी तिथेच धरून बघतं. टीम म्हणते ठरावीक दिव्याखाली, म्हणजे पुढच्या वर्षीचा फोटो याच्याशी जुळेल. सध्या दोन्ही फोटो काढले जातात आणि फाइलमध्ये दिव्याखालचा वापरला जातो.